गजभिये काका आणि अनुराधपूरचा नकाशा

गजभिये काकांसमोर "इथंच, जवळ आहे" असं म्हणायची सोय नव्हती. "जवळ म्हणजे किती जी?" असं ते लगेच विचारायचे. चेष्टा नव्हे, त्यांना खरोखर आकडा हवा असायचा. दोह्याच्या नजमा भागातल्या त्यांच्या खोलीपासून बसथांबा तीनशे दहा मीटर, थांब्यापासून चहाची कॅफेटेरिया आणखी ऐंशी. हे त्यांनी पावलांनी मोजलेलं होतं. "माहं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचं आहे, ताई. तीस वर्षांत बदललं नाई. गुडघा दुखते तेव्हा सत्तर होते, तेवढं धरून घ्याचं."

वामन गजभिये आमच्या कंपनीत सर्व्हेअर होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. मी नाशिकहून नवऱ्यासोबत दोह्याला आले आणि वेस्ट बेमधल्या ऑफिसात रुजू झाले, तेव्हा त्यांना इथे वीस वर्षं होऊन गेली होती. माझं काम बाविसाव्या मजल्यावर, कागदपत्रं सांभाळायचं. त्यांचं काम उन्हात. जमिनीची उंची मोजायची, खुंट्या ठोकायच्या, रस्ता कुठून जाणार आणि गटाराचा उतार किती हे ठरवून द्यायचं. आठवड्यातून एकदा ते नोंदी द्यायला वर यायचे. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, बुटांवर वाळू. दारात थांबून ते रुमालाने बूट पुसायचे आणि मगच गालिच्यावर पाय ठेवायचे.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझी चूक काढली. मी एका नकाशाची जुनी प्रत नवीन म्हणून फाईलला लावली होती. इंजिनीअरच्या टेबलावर ती जायच्या आधी काकांनी काढून आणली, माझ्यासमोर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही मराठी दिसता. कोणाले सांगत नाई. पण पुढच्या वेळी तारीख पाहा." नंतर कधी त्यांनी तो विषय काढला नाही. आमची ओळख तिथून सुरू झाली.

शुक्रवारी ते नजमातल्या खोलीत सगळ्यांसाठी स्वयंपाक करायचे. खोलीत सहा जण राहत, दोन केरळचे, एक बिहारचा, बाकी आपल्याकडचे. भिंतीला टेकून त्यांचा पलंग, उशाशी फळीवर हाताएवढी बुद्धमूर्ती आणि तिच्याशेजारी चष्म्याची तीन घरं. तिखट एवढं की केरळचा जोसेफ ताटात आधी दही घालून घ्यायचा. आम्ही दोघं आमच्या लेकीला, ईराला घेऊन अधूनमधून जेवायला जायचो. ईरा इंग्रजी शाळेतली, मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीत. काकांनी तिच्याशी एक खेळ मांडला. ती इंग्रजीत काही बोलली की ते कानामागे हात नेऊन म्हणायचे, "कोणतरी बोललं वाटते. हवा असन." चिडून चिडून शेवटी ती मराठीत ओरडली, "काका, मला भाकरी द्या!" तिने एक मागितली, काकांनी दोन दिल्या. पोळपाट बाजूला सारून ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

त्यांच्या कुठल्याही गोष्टीत एक माणूस हमखास असायचा. पियदासा. श्रीलंकेचा ड्रायव्हर. बारा वर्षं काकांच्या सर्व्हेची गाडी त्याने चालवली, आणि मी येण्याच्या थोडं आधी तो मायदेशी परत गेला. तो बरवा अल बराहामध्ये कामगारांच्या वसाहतीत राहायचा. बुद्धपौर्णिमेला काका खीर करून साईटवर न्यायचे आणि पियदासा नारळाच्या दुधात शिजवलेला भात वड्या पाडून आणायचा. वाळवंटात गाडीच्या सावलीत बसून दोघं एकमेकांचं खायचे. एकाला मराठी येई, दुसऱ्याला सिंहली. बोलणं गाडीतल्या हिंदीत. "वाऱ्यानं वाळू उडाली नं, तर तो आपल्या अंगावर घेत होता, पण माहा डबा झाकत होता," असं काका सांगायचे, आणि पुढे एकदम दुसराच विषय काढायचे. मला वाटायचं, मित्राची आठवण येत असेल.

पियदासाचं गाव अनुराधपूर. जुनी राजधानी, दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप आणि विहार तिथे उभे आहेत. जाताना त्याने काकांना एक पर्यटकांचा नकाशा दिला होता, रेल्वे स्टेशनवर फुकट वाटतात तसला रंगीत. काकांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत जपला होता. स्तूप पांढऱ्या घुमटांनी दाखवलेले, तळी निळी. डाव्या बाजूला, नकाशाची चौकट संपून जिथे हॉटेलांच्या जाहिराती लागतात तिथे, बॉलपेनने एक फुली आणि बाणाशेजारी "4 km" लिहिलेलं. ते पियदासाचं घर.

"तुम्ही गेला नाहीत कधी?" मी विचारलं होतं. दोह्याहून कोलंबोला विमान साडेचार-पाच तासांत जातं.

"सुट्टी गावालेच जाते नं ताई. एका पोरीचं लग्न, मग दुसरीचं शिक्षण." आणि त्यांनी नकाशा घडी करून ठेवला. घडी चुकली. काकांची घडी चुकलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

एका ईदच्या सुट्टीत संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, श्रीलंकेचं ठरवलं. मी काकांना सहज म्हटलं, चला आमच्याबरोबर. ते नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी बूट न पुसताच ऑफिसात शिरले आणि म्हणाले, "येतो मी. यल्ला, चला, तिकीट काढा."

कोलंबोहून व्हॅनने निघालो. ईरा मागे झोपली होती. बाहेर भातशेतं, नारळ, पांढऱ्या गणवेशातली शाळेची मुलं. काका नकाशा मांडीवर घेऊन बसले होते. निम्म्या वाटेवर आम्ही शहाळं प्यायला थांबलो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं.

एका गटाराच्या कामात उंचीची चूक झाली होती. चूक त्यांची. वहीत सात पूर्णांक त्रेचाळीसच्या जागी चौतीस लिहिलं गेलं होतं. आकडे उलटले, नऊ सेंटिमीटरचा फरक. त्या हिशेबाने गटाराचे चेंबर बांधले गेले आणि पाणी उलटं वाहायला लागलं. सगळं उकरून पुन्हा करावं लागलं. चौकशी बसली.

"त्या दिवशी पियदासा म्हणाला, साब, मी सांगतो माह्या गाडीचा धक्का खुंटीले लागला. ड्रायव्हरले काय करतील? एक कागद देतील. तुमची नोकरी जाईन." काकांनी शहाळं खाली ठेवलं. "मी हो म्हटलं नाई. पण नाई बी म्हटलं नाई. चूप राह्यलो. धाकटीची फी भराची होती. त्याले वॉर्निंगचा कागद भेटला. दोन महिन्यांनी कंपनीनं माणसं कमी केली, तर ज्याच्या फाईलीत कागद आहे तो पहिले. तो गेला. मी सहा वर्षं तिथंच नोकरी करून रायलो."

संदीप म्हणाला, "काका, त्याने स्वतःहून केलं होतं."

"म्हणूनच त सांगून रायलो," काका म्हणाले. "त्यानं केलं. मी करू देल्लं."

अनुराधपूरला पियदासा गेस्टहाऊसच्या फाटकात तीनचाकी घेऊन उभा होता, आपल्याकडच्या रिक्षासारखी. आता तो पर्यटकांना फिरवायचा. काळासावळा, बुटका, डोक्यावर एकही काळा केस नाही. दोघांनी एकमेकांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ एकमेकांच्या केसांकडे बघत राहिले.

"साब, पूरा सफेद!"

"तू कौनसा काला है?"

तो सबंध दिवस त्याने आम्हाला शहर दाखवलं. शहर म्हणजे झाडांच्या सावलीत मैलोन्‌मैल पसरलेले दगडी खांब, पायऱ्या, तळी, आणि मधूनच आभाळाला भिडणारा एखादा स्तूप. पांढरे कपडे घातलेली माणसं हातात कमळं घेऊन शांतपणे चाललेली. काकांनी मुद्दाम पांढरी पँट आणली होती. बोधिवृक्षापाशी ते एवढा वेळ हात जोडून उभे राहिले की एक म्हातारी बाई त्यांच्यासाठी थोडी बाजूला सरकली. पायऱ्यांशी अर्धवर्तुळाकार दगड होता, त्यावर हत्ती, घोडे, सिंह, बैल एकामागे एक कोरलेले. ईराने हत्ती मोजले. काका गुडघ्यावर बसले आणि बोटाने दगडाची गोलाई तपासून म्हणाले, "त्या काळात दोरीनं काढलं असन. कुठं चूक नाई."

पर्यटकांच्या नकाशावर मात्र ते पहिल्या तासातच रागावले. त्यावर दोन स्तूपांमध्ये बोटभर अंतर होतं. चालायला गेलो तर भर उन्हात चाळीस मिनिटं. स्तूपाच्या आवारात चपला काढाव्या लागतात आणि दगड तव्यासारखे तापलेले. संदीप उड्या मारत चालला होता, ईरा त्याच्या पाठीवर. काका पावलं मोजत मागून येत होते, पाय भाजत असूनही एकेक पाऊल नेमकं. "प्रमाणच नाई जी या नकाशाले! घुमट मोठा दाखवाचा म्हणून रस्ता खाऊन टाकला." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि घुमटांच्या मध्ये आकडे लिहायला सुरुवात केली. एक फ्रेंच जोडपं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागलं. संध्याकाळपर्यंत काका त्यांना वाट सांगत होते.

दुपारी पियदासाने आम्हाला एका खाणावळीत नेलं. भात आणि सहा भाज्या. जेवण छान होतं, पण काकांनी विचारलं, "घर नहीं दिखाएगा?"

"कल, साब."

दुसऱ्या दिवशीही दुपार झाली. पुन्हा त्याने रिक्षा त्याच खाणावळीकडे वळवली. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून थांबवलं. जवळच एका पडक्या विहाराच्या पायऱ्या होत्या. काका त्यावर बसले, नकाशा पसरला आणि फुलीवर बोट ठेवलं.

"चार किलोमीटर लिखा है तूने. चार ही है ना?"

पियदासा त्यांच्याशेजारी पायरीवर बसला. मग म्हणाला, "घर में मैडम गुस्सा है, साब."

"किस पे?"

"आप पे." तो पुढे म्हणाला, "मैं भी था. दो साल. फिर मेरा खलास हो गया. उसका नहीं हुआ."

काका उठले. "चल," एवढंच म्हणाले आणि रिक्षात जाऊन बसले.

घर विटांचं, पुढे फणसाचं झाड, ओट्यावर वाळत घातलेलं धान्य. पियदासाची बायको कुसुमा बाहेर आली. उंच, बारीक, केसांचा घट्ट अंबाडा. तिने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, ईराला केळं दिलं, काकांकडे पाहिलं नाही. चहा आला. काका बसले नाहीत. उभे राहून हिंदीत, एकेक वाक्य तोडून बोलायला लागले. पियदासा सिंहलीत सांगत होता. काकांचं बोलणं लांब आणि त्याचं भाषांतर आखूड. दोन वाक्यांनंतर काका थांबले.

"पियदासा, पूरा बोल. कम मत कर."

"पूरा बोला, साब."

"गलती मेरी थी, ये बोला? मुझे मालूम था और मैं चुप रहा, ये बोला?"

पियदासाने मान खाली घातली. ते त्याने गाळलं होतं. काकांनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी त्याला ते म्हणावं लागलं. कुसुमा दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. संपल्यावर ती आत गेली. मला वाटलं, झालं, आता ती येत नाही. पण ती एक प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आली आणि त्यातला कागद काकांच्या हातात न देता टेबलावर ठेवला. आमच्या कंपनीचं पत्र होतं. कामातल्या निष्काळजीपणामुळे नुकसान, असं त्यात लिहिलेलं. ती नवऱ्याला उद्देशून काहीतरी बोलली. आवाज चढवला नाही.

"वो बोलती है," पियदासा म्हणाला, "ये कागज लेके मैं पाँच एजेंट के पास गया. कुवेत, दुबई. सब वापस किया. मुँह का बात उसको नहीं चाहिए. दूसरा कागज चाहिए."

काकांनी पत्र पूर्ण वाचलं. तारीख पाहिली. "ठीक बोलती है," ते म्हणाले.

जेवायला तिने विचारलं नाही. आम्ही उपाशीच गेस्टहाऊसवर आलो.

दोह्याला परतल्यावर पहिल्याच रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, काका माझ्या टेबलाशी आले. हातात हाताने लिहिलेला मसुदा. "इंग्रजी पाहा. पण गोड करू नका. मी केलं, असंच लिहा." मी त्यांना समजावलं. तेव्हाचे साहेब निघून गेलेत, कोणाला काही आठवत नाही, आता हे उकरून काढलं तर तुमच्यावरच येईल. दीड वर्षात निवृत्ती आहे, धाकटीचं शिक्षण अजून व्हायचंय. संदीपनेही घरी बोलावून हेच सांगितलं. काकांनी सगळं ऐकलं. "तुम्ही बरोबर सांगता," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पत्र देऊन आले.

मॅनेजरने विचारलं, आता का? काकांनी उत्तर दिलं, आधीच द्यायला पाहिजे होतं. त्यांची मागणी एकच होती. पियदासाच्या फाईलीतला शेरा काढावा आणि त्याला स्वच्छ प्रमाणपत्र द्यावं. कर्मचारी विभागाने सांगितलं, सोडून गेलेल्या माणसाची फाईल बंद झालेली असते. मग काकांनी दर रविवारी त्या विभागाच्या बाहेरच्या खुर्चीवर येऊन बसायला सुरुवात केली. साईटवरून, जेवणाच्या सुट्टीत, बूट पुसून. भांडण नाही, आवाज नाही. कोणी "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात" म्हटलं की "शुक्रन" म्हणत आभार मानून उठायचे आणि पुढच्या आठवड्यात हजर. तीन महिने हे चाललं. मी काचेतून त्यांना बघायचे. गुडघ्यांवर हात, पाठ ताठ, भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदाही न बघता बसलेले.

शेवटी तिथल्या एका बाईने दोन्ही कागद तयार करून दिले. पियदासाला बारा वर्षांच्या चांगल्या कामाचं प्रमाणपत्र, चौकशीतला दोष त्याचा नव्हता असं स्पष्ट लिहिलेलं. आणि काकांना वॉर्निंग. त्यांचा करार संपल्यावर वाढवणार नाही, असंही खाली एका ओळीत. ते सहा महिन्यांवर होतं, म्हणजे ठरलेल्या निवृत्तीच्या नऊ महिने आधी.

स्वतःचा कागद त्यांनी माझ्यासमोर दोनदा वाचला. "सहा वर्षं उशिरा आला," म्हणाले, आणि खरं सांगते, त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. पियदासाचं प्रमाणपत्र त्यांनी कुरिअरने पाठवलं, पाकिटावर कुसुमाचं नाव घालून.

तिकडून पियदासाचा निरोप आला, कागद पोचला. तिचं काही नाही. काकांनी विचारलंही नाही. धाकटीला त्यांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी नोकरी करून शिकते. हे सांगताना मात्र त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

शेवटच्या दिवशी ते ओळखपत्र परत द्यायला वर आले. खोलीतल्या बाकी पाच जणांनी मिळून घेतलेला नवा शर्ट घातला होता, तोही पांढराच. सगळ्यांशी हात मिळवून झाले, सह्या झाल्या. मी त्यांच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेले. मी लिफ्टचं बटण दाबलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हां, पियदासा," ते म्हणाले आणि थांबले. पलीकडे बाईचा आवाज होता. मला शब्द ऐकू येत नव्हते, समजलेही नसते. आवाज सलग येत होता, मध्ये न थांबता. काका लिफ्टपासून बाजूला होऊन मोठ्या काचेपाशी गेले. खाली समुद्र, त्यावर दुपारचं पांढरं ऊन. ते फोन दोन्ही हातांनी कानाला धरून, शाळेत गुरुजींसमोर उभं राहावं तसे उभे होते. लिफ्ट आली, उघडली, मिटली. ते मधूनच म्हणत होते, "हाव." मग पुन्हा ऐकत. "हाव जी. हाव."

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मले कुठी सिंहली येते ताई?"

"मग पियदासाला विचारा ना. तो सांगेल."

"नाई," काका म्हणाले. "तो कमी करून सांगते." आणि फोन खिशात ठेवून, काचेकडे बघतच म्हणाले, "रागावली असन तरी चालते. माह्यासंग बोलली नं."